केनियात कुणाच्या घरी राहायला जाताय? आधी ‘घरी कोण कोण असतं’ ते विचारा

किसुमूला एका शाळेत स्वयंसेवक म्हणून दीड महिना शिकवायला गेले, तेव्हा माझ्याकडे कागदपत्रांची यादी होती, लसींची होती, बॅगेचीही होती. माणसांची नव्हती. ज्या घरी राहायचं होतं त्याबद्दल संस्थेच्या फॉर्मवर ‘पती-पत्नी, दोन मुलं’ एवढंच लिहिलेलं होतं. त्यावर विसंबून मी बडोद्यात रावपुऱ्यातून दोन रंगपेट्या घेतल्या. तिकडे पोहोचले तर दारात आठ जण उभे होते. आजी, दोन भाच्या, शिकायला गावाहून आणून ठेवलेला पुतण्या. दोन रंगपेट्या बाहेर निघाल्या आणि बाकीची दोन-तीन पोरं माझ्या बॅगेकडे बघत राहिली. आजीसाठी तर काहीच नव्हतं, आणि पहिलं नमस्कार-चमत्कार तिच्याशीच व्हायचं होतं. निघण्याआधी आईनं दोनदा विचारलं होतं, ‘घरी कोण कोण असतं गं त्यांच्या?’ मी ‘असतील चौघं’ म्हणून तिला गप्प केलं.

तेव्हा पहिलं काम हे. संस्थेला मेल करा आणि त्या घरात रात्री जेवायला किती पानं असतात ते विचारा. ‘कुटुंबात किती’ असं विचारलंत तर आईवडील आणि मुलं एवढंच उत्तर येईल. नावं, वयं, नाती लिहून घ्या. तिकडे बाईला पुष्कळदा मोठ्या मुलाच्या नावानं हाक मारतात, ‘मामा ओतिएनो’ अशी, म्हणजे ओतिएनोची आई. मोठ्याचं नावच माहीत नसेल तर घरच्या बाईला हाक कशी मारणार?

आता पिवळ्या तापाची लस. ही ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. लसीचा दाखला लस टोचल्यावर १० दिवसांनी लागू होतो, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही. दाखल्याशिवाय केनियाहून परतलात तर आपल्याच विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे, तिथे मलेरिया खूप. गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील; मच्छरदाणीबद्दल मात्र घरच्यांना आधी विचारा.

परवानगीचं नीट बघा. जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. पण ती पाहुण्यांसाठी. बिनपगारी काम असलं तरी ते कामच, म्हणून तुम्हाला कोणता पास लागेल ते संस्थेकडून लेखी घ्या. तोंडी ‘काही होत नाही’वर जाऊ नका.

बॅग भरताना आई-आजी प्रत्येक डबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतील. काढायला लावा. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या घ्या. प्लग तिकडे चौकोनी तीन पिनांचा, ॲडॉप्टर घ्या. कपडे, औषधं, टॉर्च तुम्हाला कळतं.

भेटवस्तू माणशी एक, लहानशी का होईना. पुन्हा सांगते, माणशी. आणि दोन जास्तीच्या, कारण शेजारची पोरं पहिल्याच संध्याकाळी येतात. आजी असेल तर तिची वस्तू सगळ्यात वर ठेवा, बॅग उघडल्या उघडल्या हाती लागेल अशी.

शाकाहारी असाल तर ‘मांस खात नाही’ एवढं पुरत नाही. कोंबडी नाही, मासे नाहीत आणि ओमेना नाही, असं नाव घेऊन आधी कळवा. ओमेना म्हणजे सरोवरातले सुकवलेले बारीक मासे, ते त्या भागात रोजच्या जेवणात असतात. काय खाता तेही सांगा. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सुकुमा विकीची पालेभाजी, मका आणि घेवड्याचं गिथेरी, आणि न्देंगू, म्हणजे आपले मूगच. घरच्या बाईनं दिवसभर खपून रांधलेलं ताट पाहुण्यानं परत केलं तर तिला किती लागतं, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

वेळेचा घोळ होतो. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणून ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजले, पण घड्याळात आठ. कुणी स्वाहिलीत वेळ सांगितली की पुन्हा विचारून घ्या. भारतापेक्षा केनिया अडीच तास मागे आहे, घरी फोन त्या हिशोबानं.

पोहोचलात की खोलीतल्या प्रत्येकाशी हात मिळवा, कोपऱ्यात बसलेल्या पोराशीसुद्धा. इथेच ती नावांची यादी लागते, म्हणून फोनमध्ये नको, वहीच्या पहिल्या पानावर हवी. माझ्याकडे ती नव्हती आणि एका भाचीला मी चार दिवस दुसरीच्याच नावानं हाक मारत होते. तिनं एकदाही दुरुस्त केलं नाही. मला आजही ते डाचतं.

जेवणाआधी कुणी जग आणि तसराळं घेऊन हातावर पाणी घालायला येईल, हात पुढे करा. उजव्या हातानं खा. सिमकार्डाला पासपोर्ट लागतो. पैसे एम-पेसातून, म्हणजे तिथल्या मोबाइलवरच्या पैशांच्या सेवेतून. तुमच्या राहण्याचे त्या घराला किती मिळतात ते संस्थेला विचारा, आणि भांडी घासायला स्वतःहून उठा. ‘एरोकामानो’ हा तिथल्या लुओ भाषेतला ‘आभारी आहे’ पहिल्या दिवशीच पाठ करा.

परतल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनीही ताप आला तर केनियाला गेला होतात हे डॉक्टरांना सांगा, मलेरियाची तपासणी करून घ्या. फोटो छापून पाठवा, मागे प्रत्येकाचं नाव लिहून. आजीचं आधी.