जपायची फाइल वेगळी, द्यायची फाइल वेगळी

कुडाळात फोटोग्राफी सुरू केली तेव्हा लॅपटॉपमध्ये जागा कमी होती. पहिल्या हंगामात दहा-बारा जत्रांमधले दशावतार टिपले. डिस्क भरली की फोटो १६०० पिक्सेलवर एक्सपोर्ट करायचे आणि मूळ फाइल उडवायच्या, असा माझा क्रम होता. मोबाइलवर फोटो झकास दिसायचे.

दोन वर्षांनी एका दशावतारी कलाकाराचा मुलगा दारात आला. वडील गेले होते. "बाबांचो मोठो फोटो गावतलो काय?" फोटो होता. रंगपटात बसून, हातातल्या छोट्या आरशात बघत भुवई रेखतानाचा. त्याला भिंतीवर लावायला दोन फूट रुंद प्रिंट हवा होता. १६०० पिक्सेल २४ इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम ६७ येतात. प्रिंट आला तेव्हा भुवईची रेघ कुठे संपते आणि कपाळ कुठे सुरू होतं, तेच कळेना. उडवलेली फाइल ६००० पिक्सेल रुंद होती, इंचाला २५० मिळाले असते. मुलाने तो प्रिंटही मनापासून नेला. मला मात्र ती पुसट रेघ अजून दिसते.

म्हणून या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना आधी हेच सांगतो, मूळ फाइलला हात लावू नका. आणि मूळ म्हणजे रॉ, कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल. कॅमेऱ्यातल्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. देवळाच्या पटांगणात पिवळ्या हॅलोजनखाली राक्षसाचा लालभडक रंगवलेला चेहरा घेऊन बघा. जेपेगमध्ये लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, उतू जातो, गालाचा उठाव सपाट होतो आणि मागाहून काही परत येत नाही. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचा रंगांचा तोल, घरी बसून ठरवता येतो, पुष्कळदा गालही परत मिळतो.

रॉ फाइल डीएनजी नावाच्या फॉरमॅटमध्ये बदलावी का, हे नेहमी विचारलं जातं. ॲडोबीने २००४ साली आणलेला हा फॉरमॅट खुला आहे आणि एडिटिंगची माहिती फाइलच्या आतच राहते. तरीही मी कॅमेऱ्याची मूळ रॉ ठेवतो आणि लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सएमपी, म्हणजे एडिटिंगची नोंद ठेवणारी छोटी फाइल, आपोआप लिहिण्याची सोय चालू करतो. ती बंद असेल तर तुमची सगळी मेहनत फक्त कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीत, राहते. कॅटलॉगचा बॅकअप म्हणजे फोटोंचा बॅकअप, असं समजून बरेच नवशिके फसतात. कॅटलॉगमध्ये मूळ फोटो नसतातच.

टिफ, म्हणजे तपशील न झिजवता सेव्ह होणारी मोठी फाइल, मोजक्यांसाठीच. २४ मेगापिक्सेलचा १६ बिट टिफ कॉम्प्रेशनशिवाय १४४ एमबी होतो. ज्या फोटोवर तासभर रिटचिंग केलंय, त्याचाच ठेवा.

ग्राहकाला द्यायचा जेपेग क्वालिटी ९० च्या आसपास पुरतो. १०० ने फाइल फुगते, डोळ्याला फरक दिसत नाही. कलर स्पेस, म्हणजे फाइलमधल्या रंगांचा आवाका, एसआरजीबी ठेवा, लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर. अल्बमसाठी 'रिसाइझ'ची खूण काढलीय ना, ते दर वेळी तपासा. माझा घात तिथेच झाला. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करू नका, प्रत्येक वेळी थोडा तपशील झिजतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता आपल्या हवेचं. जूनपासून कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, तिथे ड्राइव्ह उघड्यावर कशी ठेवणार? घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो आणि दाण्यांचा रंग बदलला की ते बदलतो. पण डबा पुराला पुरत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. एकाच दुकानात दोन प्रती असतील तर अशा दिवशी दोन्ही जातात. तेव्हापासून माझी तिसरी प्रत घाटावर, कोल्हापूरला बहिणीकडे असते. गणपतीला ती गावी येते तेव्हा जुनी ड्राइव्ह आणते, नवी घेऊन जाते. आलेल्या ड्राइव्हमधल्या वीसेक रॉ मी तिच्यासमोरच उघडून बघतो, त्यात रंगपटातला एखादा फोटो हमखास असतो.