गॅस भरायच्या आधी फॅन बघा

गाडीचा एसी घरी तपासायचा तर काम दोन वेळांत वाटून घ्या. उघडणं-पुसणं सकाळी लवकर, चाचणी दुपारी. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकतो, अकरा वाजता बोनेटच्या पत्र्याला हात लावून बघा म्हणजे सकाळ का ते कळेल. आणि सकाळच्या हवेत कुठलाही एसी गारच वाटतो, म्हणून चाचणी दुपारची. गाडी मोकळ्यावर सावलीत घ्या. शटर ओढलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, गुदमरून माणसं जातात.

सामान किरकोळ आहे. टॉर्च, मऊ ब्रश, कुंड्यांना पाणी घालायचा पाइप, दांडीचा थर्मामीटर, त्याच अँपिअरचे दोन-चार फ्यूज, गाडीसोबत आलेलं पुस्तक. ओढणी, उपरणं, सैल बाह्या नकोत, समोर पट्टा फिरत असतो. शिवाय आत बसून तुम्ही सांगाल तेव्हा एसी चालू-बंद करणारं कुणीतरी. पोरगं नको, मोठं माणूस. एकट्याने केलं की तुम्ही आत बसता आणि बोनेटखाली काय चाललंय ते बघायचं राहून जातं. म्हणजे फॅन बघायचा राहतो.

आता फॅन. पुढच्या जाळीआड, रेडिएटरच्याही पुढे, बारीक पत्र्यांचा कंडेन्सर असतो. गाडीतली उष्णता तिथून बाहेर पडते. गाडी उभी असताना त्यातून हवा ओढायला फॅनशिवाय कुणी नाही. पुणे रोडवर ८० च्या वेगात समोरचा वारा फुकट मिळतो, एसी मस्त चालतो. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलात की गरम वारा सुरू. असं होत असेल तर एसीच्या गॅसचं नाव काढू नका, फॅन बघा. मागच्या उन्हाळ्यात मी फिल्टर, फ्यूज, पट्टा सगळं बघितलं, एवढा फॅन सोडला, आणि गॅरेजवाला "मालक, गॅस मारून घ्या" म्हटल्यावर मारून घेतला. सिग्नलला पुन्हा तोच गरम वारा.

बघायचं कसं? इंजिन चालू, एसी चालू, थंडावा पूर्ण, तुम्ही बोनेटसमोर. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा थोड्याच वेळात फिरतो. आवाजावर जाऊ नका, आतल्या ब्लोअरचा आवाज फॅनचाच वाटतो. डोळ्यांनी बघा. दोन फॅन असतील तर दोन्ही बघा. फिरतोय पण मरगळलेला वाटतोय? जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरा, ओढून चिकटलं पाहिजे. फिरतच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे फॅनला वीज जोडणारा छोटा डबीसारखा स्विच. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येतं. मग मोटरचा प्लग, शेवटी मोटर. अडकलाय का म्हणून बोट घालायचं नाही! इंजिन बंद असलं तरी कित्येक गाड्यांत फॅन आपोआप सुरू होतो. चावी खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, मगच हात.

फसगत होते ती अशी. फॅन बंद असला की आतला दाब वाढतो आणि दाबाचा स्विच कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद करतो. कंप्रेसर टक-टक करत चालू-बंद होतो. गॅस कमी असला तरी तो असाच बंद होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि वर जास्तीचा गॅस कोंबला तर दाब आणखी वाढतो. म्हणून परत सांगतो, फॅन आधी.

फॅन ठीक निघाला तरी कंडेन्सर धुवाच. धूळ, किडे, आणि गाडी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांच्या शेडजवळ लागत असेल तर टॉवेलांचे तंतूही तिथे गच्च बसतात. इंजिन गार असताना, साध्या धारेने, सरळ समोरून. वॉशिंग सेंटरची जोरदार धार नको, पत्रे वाकतात.

केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा, बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे असतो. हवा गार पण कमी येत असेल तर दोष बहुधा त्याचा. हवा भरपूर पण गरम, तर तो बदलून उपयोग नाही. बाहेरची हवा आत घ्यायचं बटण चालू राहिलंय का तेही बघा, हसू नका, ४३ अंशांची हवा कुठला एसी गार करेल? आणि गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून एवढ्यात घाबरू नका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात ठिबकतंच थोडं.

गॅसचं. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठून तरी गळतोय. पाइपांच्या सांध्यांवर तेलकट डाग शोधा, गॅससोबत तेलही बाहेर येतं. साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. सांधा सैल करायचा नाही, उडालेल्या गॅसने कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो. बोनेटखालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, गॅस कुठला आणि किती ग्रॅम ते त्यावर असतं.

दुपारी डॅशबोर्डवरच्या, गार हवा येते त्या मधल्या झडपेत थर्मामीटर खुपसा. आधी काचा उघडून कोंडलेली हवा घालवा, मग काचा लावून उभ्या गाडीत एसी दहा मिनिटं. बाहेरपेक्षा १५-२० अंश खाली आलं तर ठीक. नाही आलं, तर गॅरेज.

तिथे एवढंच: गळती काढा, व्हॅक्यूम करा (म्हणजे पाइपांतली हवा ओढून काढा), गॅस काट्यावर तोलून स्टिकरइतकाच भरा. अंदाजे भरणारा असेल तर दुसरीकडे जा. ग्रॅम पावतीवर लिहून घ्या.