लॅपटॉपवरचा सी प्रोग्रॅम चिपवर नेताना

सी प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेन फंक्शनच्या शेवटी ‘रिटर्न ०’ लिहायची सवय हाताला लागलेली असते. लिनक्सवर ते शून्य शेलला, म्हणजे आपल्या आज्ञा घेऊन प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, मिळतं आणि काम नीट झालं हे त्याला कळतं. तोच कोड आर्डुइनो उनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवरच्या एटीमेगा३२८पी चिपवर टाकला, तर शून्य घ्यायला पलीकडे कुणीच नसतं. सीच्या स्टँडर्डमध्ये पहिल्या परिस्थितीला होस्टेड आणि दुसरीला फ्रीस्टँडिंग म्हणतात. फ्रीस्टँडिंगमध्ये सुरुवातीच्या फंक्शनचं नाव मेनच हवं, अशीही सक्ती नाही.

१. मेन संपू देऊ नका. एव्हीआर-लिबसी (या चिपांसाठीची सीची लायब्ररी) वापरत असाल, तर मेनमधून बाहेर पडताच इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून दुसरं फंक्शन चालवणारे इशारे) बंद होतात आणि चिप रिकाम्या लूपमध्ये फिरत बसते. सगळं काम न संपणाऱ्या लूपमध्येच ठेवा.

२. प्रत्येक इंट (पूर्णांकाचा प्रकार) तपासा. खरा घोळ इथे होतो. लॅपटॉपवर इंट ३२ बिटांचा, इथे १६ बिटांचा. म्हणजे कमाल ३२,७६७. एक मिनिट थांबायचं म्हणून डिलेला (दिलेले मिलिसेकंद थांबणारं आर्डुइनोचं फंक्शन) ६० * १००० दिलंत, तर गुणाकार इंटमध्येच होतो आणि ६०,००० त्यात मावत नाही. स्टँडर्डनुसार पुढे काहीही होऊ शकतं; सहसा उत्तर येतं उणे ५५३६. डिले अनसाइन्ड लाँग (उणे नसलेला ३२ बिटांचा पूर्णांक) घेतो, त्यामुळे त्याचे होतात ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद. मिनिटाऐवजी जवळजवळ पन्नास दिवस! उपाय साधा आहे: ६० ला यूएल (अनसाइन्ड लाँगची खूण) जोडा. व्हेरिएबलसाठी नुसतं इंट न लिहिता एसटीडीइंट हेडरमधले नेमक्या मापाचे प्रकार घ्या. माझ्या मते ही सवय लॅपटॉपवरही लावून घ्यावी.

३. रॅम मोजा. ती आहे २०४८ बाइट, आणि स्टॅकही (फंक्शनची तात्पुरती व्हेरिएबल्स राहतात ती जागा) त्यातच. ‘सेन्सर सापडला नाही’ छापाचे संदेशसुद्धा सुरू होतानाच फ्लॅशमधून (प्रोग्रॅम साठवलेली कायमची मेमरी) रॅममध्ये येऊन बसतात. त्यांना प्रोगमेम ही खूण लावून फ्लॅशमध्येच ठेवा. मॅलॉक (चालू प्रोग्रॅममध्ये मेमरी मागणारं फंक्शन) टाळा. लिनक्सवर ती परत करणारं फ्री विसरलात तरी प्रोग्रॅम संपल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी परत घेते; इथे प्रोग्रॅम संपतच नाही.

४. मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफला वाट करून द्या. पडदा नाही, त्यामुळे अक्षर सिरियल पोर्टवर पाठवणारं फंक्शन तुम्हालाच जोडावं लागतं. फ्लोट (दशांश संख्या) छापायला गेलात तर मूळ सेटिंगमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह दिसेल. त्यासाठी लिंकरला (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं साधन) वेगळी लायब्ररी सांगावी लागते.

५. इंटरप्ट आणि मेन दोघेही वापरतात त्या व्हेरिएबलला व्होलटाइल (किंमत कधीही बदलू शकते, हे कंपायलरला सांगणारा शब्द) लावा. ते एका बाइटपेक्षा मोठं असेल, तर वाचताना क्षणभर इंटरप्टही थांबवा, कारण ही चिप एका वेळी एकच बाइट वाचते आणि दोन बाइटांच्या मध्येच इंटरप्ट किंमत बदलू शकतो.