फीचर फ्रीझनंतर अपवाद मागितला, तर काय करावं?

समजा, सोलापुरातल्या चौघांनी यंत्रमाग कारखान्यांसाठी हिशेबाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर उभं केलंय. नवी आवृत्ती १ एप्रिलला, आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी द्यायची आहे. १० मार्चला फीचर फ्रीझ, म्हणजे नवीन सोयी घेणं बंद. त्यानंतर फक्त चाचणी आणि बगदुरुस्ती. आणि ११ तारखेला फोन येतो: "अण्णा, नगावरच्या मजुरीचा कोड तयार आहे, एवढं एक घ्या की!"

फोनवर हो म्हणू नका. अर्ज मागा.

त्यासाठी नियम फ्रीझच्या आधीच लिहिलेले हवेत: अर्ज कुठे करायचा, ठरवणार कोण, आणि कोणत्या तारखेनंतर अपवाद अजिबात नाही. उबुंटू या लिनक्स प्रणालीत लाँचपॅड या त्यांच्या संकेतस्थळावर बग (दोषाची नोंद) नोंदवून रिलीज टीमकडे परवानगी मागतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीतही फ्रीझच्या काळात रिलीज टीमकडेच अनब्लॉकची, म्हणजे अडवलेला बदल आत सोडण्याची विनंती जाते, सोबत जुन्या-नव्या पॅकेजमधला फरक जोडून. छोट्या प्रकल्पाला दोन माणसं पुरेत. फक्त ज्याचा कोड, तो निर्णयात नको. दोघांचं एकमत झालं नाही, तर उत्तर 'नाही' समजायचं.

आधी बघा, हे फीचर आहे का? बेरीज चुकत असेल तर तो बग, त्याला अपवाद लागत नाही. पण नवीन बटणाला बगाचं लेबल लावून आत सरकवणारे हुशार लोक प्रत्येक प्रकल्पात असतात.

अर्ज छोटाच चालेल. समजा, चार ओळींचा असा आला:

काय: नगावर मजुरी मोजणे.
आत्ताच का: नव्या वर्षाचे हिशेब यावर सुरू करायचेत.
हात कुठे लागतो: मजुरीची एक फाईल, डेटाबेसमध्ये एक नवा रकाना.
चाचणी: मागच्या महिन्याच्या मजुरीशी ताडून पाहिली.

मला खटकते ती तिसरी ओळ. फाईल गिटमधून (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातून) मागे घेता येते. पण रकान्यात कारखान्यांनी महिनाभर नोंदी भरल्यावर माघार कशी घेणार? ताणा मागावर चढल्यावर पन्हा बदला म्हणण्यातला हा प्रकार. म्हणून पाचवी ओळ सक्तीची करा: बिघडलं तर मागे कसं यायचं. ती कोरी असेल तर पुढे वाचूही नका.

पडद्यावरचा मजकूर बदलतोय का, हेही विचारा. सोलापुरात असं सॉफ्टवेअर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लागणार. भाषांतर करणाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात नवीन वाक्यं देणं अन्याय आहे. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पात स्ट्रिंग फ्रीझ (पडद्यावरचा मजकूर बदलण्यावरची बंदी) मोडायचा तर भाषांतर समन्वयकांची परवानगी लागते, ती उगाच नाही.

होकार दिलात तर मुदत घाला: १७ मार्चपर्यंत कोड तपासून मुख्य शाखेत (जिथून आवृत्ती निघते त्या कोडमध्ये) आला नाही, तर परवानगी आपोआप रद्द. निर्णय आणि त्याचं कारण अर्जाखालीच लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला "त्याला दिलं, मला का नाही" म्हणायला जागा उरत नाही.

नकार देताना कोड वाऱ्यावर सोडू नका. पुढच्या आवृत्तीची शाखा उघडून त्यात लगेच घ्या. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नवीन गोष्टींसाठी साधारण दोन आठवड्यांची खिडकी असते. ती चुकली तरी पुढची दोन-अडीच महिन्यांत उघडते, त्यामुळे नकार फारसा झोंबत नाही. तुमची पुढची आवृत्ती कधी हेच ठरलेलं नसेल, तर मात्र प्रत्येक जण अपवादासाठी हट्ट धरणार. तेव्हा नकाराच्या उत्तरात पुढची तारीख लिहा.