साध्या कॅमेऱ्याने मोजमाप: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

फोटोग्रामेट्री, म्हणजे अनेक फोटोंवरून वस्तूचं त्रिमितीय मॉडेल बनवून मापं काढणं, शिकायला आलेला जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो, "कॅमेरा कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: हातात आहे तोच घ्या, फक्त त्याच्या आतलं काही हलू देऊ नका. म्हणजे झूम नको, ऑटोफोकस बंद, इमेज स्टॅबिलायझेशनही बंद. स्टॅबिलायझेशन प्रत्येक फोटोला लेन्सचा भाग किंवा सेन्सर सरकवतं, आणि आपण तर तीच भूमिती पक्की धरून गणित करणार असतो. मी फोकस रिंगवर सरळ चिकटपट्टी लावतो. दिसायला गबाळं दिसतं, पण काम होतं. कॅमेऱ्यातली लेन्स-दुरुस्तीची सोयही बंद ठेवा. विरूपण (लेन्समुळे फोटोत येणारा वाकडेपणा) सॉफ्टवेअरला मोजू द्यायचं, कॅमेऱ्याला परस्पर झाकू द्यायचं नाही.

फोटो काढण्याआधी कागदावर हिशोब मांडा. सेन्सर 23.5 मिमी रुंद आणि त्यावर 6000 पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल सुमारे 3.9 मायक्रॉनचा. 35 मिमीच्या लेन्सने दोन मीटरवरून पाहिलं तर वस्तूवर तो साधारण 0.22 मिमीचा होतो. वस्तूवर चिकटवलेल्या छापील गोल खुणेचा, म्हणजे टार्गेटचा, मध्य पिक्सेलच्या छोट्या अंशापर्यंत सापडतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही बारीक मापं मिळू शकतात. पण खोलीच्या दिशेने, म्हणजे कॅमेऱ्यापासून वस्तूकडे जाणाऱ्या दिशेने, गणित फिरतं. दोन फोटोंमधलं अंतर फक्त 20 सेंमी ठेवलंत तर खोलीतली चूक आडव्या चुकीच्या दहापट होते. एक मीटर ठेवलंत तर साधारण दुप्पट. म्हणून वस्तूभोवती फिरा, वेगवेगळ्या कोनांतून टिपा आणि काही फोटो कॅमेरा 90 अंश फिरवून घ्या. कॅलिब्रेशनला, म्हणजे सॉफ्टवेअरने कॅमेऱ्याची नेमकी भूमिती शोधून काढण्याला, या फिरवलेल्या फोटोंचा फार आधार मिळतो.

आता खरा मुद्दा. सॉफ्टवेअर शेवटी रिपोर्ट देतं: रिप्रोजेक्शन एरर (मॉडेलमधला बिंदू परत फोटोवर टाकला तर तो मूळ जागेपासून किती सरकतो) 0.3 पिक्सेल. नवखा माणूस खूश होऊन तोच आकडा अचूकता म्हणून पुढे पाठवतो. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की फोटो आपसात जुळले. सपाट भिंतीचे सगळे फोटो समोरून, समांतर काढले तर हा आकडा छान येतो आणि मॉडेलमधली भिंत मधोमध फुगलेली असते. हे पकडायचं तर काही ज्ञात अंतरं हिशोबाबाहेर राखून ठेवायची आणि मॉडेलमध्ये ती किती निघतात ते बघायचं. ग्राहक मिलिमीटर विचारतो, पिक्सेल नाही. उत्तर याच अंतरांतून द्यायचं.

स्केल बारबाबत, म्हणजे मॉडेलला खरं माप देणाऱ्या ज्ञात लांबीच्या पट्टीबाबत, कंजुषी करू नका. 20 सेंमीच्या पट्टीत 0.1 मिमीची चूक असेल तर चार मीटरच्या वस्तूवर ती 2 मिमी होते. पट्टी लांब हवी, शक्यतो दोन-तीन हव्यात, वेगवेगळ्या दिशांना ठेवलेल्या. पट्टी अॅल्युमिनियमची असेल तर तापमानही लिहून ठेवा: 10 अंशांच्या फरकाने एक मीटरची पट्टी सुमारे 0.23 मिमी वाढते.

चकचकीत पत्रा आणि कोरी पांढरी भिंत यांच्यावर सॉफ्टवेअरला धरायला काहीच मिळत नाही. तिथे मेगापिक्सेल वाढवत बसण्यापेक्षा टार्गेट चिकटवा, नाहीतर प्रोजेक्टरने ठिपक्यांची नक्षी पाडा.