मुंबईला महागडे इन-इयर ऐकायला जाण्याआधीची तयारी

आमच्या मालवणात पन्नास हजार, लाखाचे इन-इयर, म्हणजे कानाच्या भोकात बसणारे इअरफोन, घालून बघायची सोय नाही, त्यासाठी कणकवलीहून गाडी पकडून मुंबई गाठावी लागते, आणि एवढं लांब जाऊन दुकानात पंधरा मिनिटं बसायचं, भारावून जायचं आणि पैसे मोजून यायचं हे मी एकदा केलंय. काय तो बास (खालचा जड आवाज), काय ती चमक, अंगावर काटा आला होता. परतीच्या गाडीत लावले तर चिपळूण येईपर्यंत उजव्या कानात, भोकाच्या वर जो कूर्चेचा उंचवटा असतो ना, तिथे ठसठसायला लागलं. पुढे उक्षी सोडल्यावर साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो, त्यात गाडी शिरली आणि खडखडाट आत यायला लागला म्हणून आवाज चढवला, तर झांजेचा एकेक ठोका सुईसारखा टोचायला लागला. रत्नागिरी यायच्या आधीच काढून डबीत ठेवले. दुकानवाले परत घेईनात, शेवटी सहा महिन्यांनी निम्म्या किमतीत विकले. त्यानंतर मी तयारी करूनच जातो, आणि माझ्यासारखं कोणाचं होऊ नये म्हणून सगळं सांगतोय. एकच गोष्ट धरून ठेवा: आधी बसणं, मग आवाज. कानात नीट बसल्याशिवाय आवाजाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही.

सुरुवात आठ दिवस आधी कानापासून करा. सर्दी असेल तर जाणं पुढे ढकला, पावसाळ्यात आपल्याकडे अर्धं घर शिंकत असतं आणि नाक चोंदलं की कानाच्या आतला दाब बिघडतो, मग दीड लाखाचा पीसही गोधडीतून ऐकल्यासारखा वाटतो. मळ साठलाय असं वाटत असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरकडून काढून घ्या, कापसाच्या काडीने कोरू नका, ती मळ आणखी आत ढकलते. आणि घरची मंडळी कोमट खोबरेल घालायला सांगतील, त्यांना प्रेमाने नाही म्हणा, तेल नोझलच्या, म्हणजे कानात जाणाऱ्या नळीच्या, बारीक जाळीत गेलं की ती बुजते, आणि तो पीस तुमचा नसतो, दुकानाचा असतो. रात्रीच्या कोकणकन्येने किंवा तुतारी एक्स्प्रेसने जाणार असाल तर दादरला उतरून थेट दुकानात जाऊ नका. रात्रभर रुळांचा आवाज ऐकून कान शिणलेले असतात, झोपही झालेली नसते. मी मावशीकडे जातो, आंघोळ, जेवण, दोन तास झोप, आणि मग संध्याकाळी दुकान.

आता सगळ्यात मोठं काम, काय ऐकायचं ते घरीच ठरवून नेणं. दुकानातली डेमो गाणी निवडलेलीच अशी असतात की कशावरही छान वाजावीत, त्यामुळे त्यावर निकाल देऊ नका. तुमच्या ओळखीची सहा-सात गाणी घ्या, शक्यतो सीडीच्या दर्जाची, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची फ्लॅक फाइल (दर्जा न घालवता लहान केलेली), त्याहून मोठी असलीच पाहिजे असं काही नाही. फोनमध्ये उतरवून ठेवा, दुकानात रेंजच्या भरवशावर बसू नका. प्रत्येकातला कुठला मिनिट ऐकायचा तेही लिहून ठेवा, नाहीतर आपण गाण्यातच रमतो आणि वेळ जातो.

पण गाण्यांपेक्षाही मला उपयोगी पडतं ते खऱ्या, समोर बसून ऐकलेल्या आवाजाचं रेकॉर्डिंग. गाणं स्टुडिओत कसं वाजलं होतं ते आपल्याला माहीत नसतं, पण आपल्या ओटीवरचा पखवाज कसा वाजतो ते पक्कं माहीत असतं. गणपतीत घरी भजन असतं, माइक नसतो, तेव्हा मी मित्राचा छोटा रेकॉर्डर आणून गणपतीपासून सहा-सात हातांवर ठेवला होता, ऑटो गेन बंद करून. (फोनवर केलंत तर फोन स्वतःच आवाज वरखाली करतो आणि जोरकस ठोका चपटा होतो, म्हणून जमलं तर रेकॉर्डरच बघा.) त्यात पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली आहे, तिच्यामुळे येणारा तो ओलसर, जड धुम् मी लहानपणापासून ऐकतोय. चांगल्या इन-इयरमध्ये आधी हाताचा थाप कळतो, मग चामडं, मग घुमणं हळूहळू विरतं. वाईटात नुसता फुगा, सगळं एकात एक, आणि त्या फुग्याखाली बुवांचा आवाज दबून जातो. पेटीचा भाता ओढताना होणारी हलकी फुस्स ऐकू येते का, चकी (भजनातलं टाळ-झांजेच्या जातीचं वाद्य) वाजल्यावर तिची शेपटी सावकाश विरते की कोणी हाताने धरल्यासारखी तुटते, कोरसमधले चार जण वेगवेगळे कळतात की एकच गठ्ठा होतो, हे त्या एका रेकॉर्डिंगमध्ये कळतं. तानपुरा असलेलं काहीतरी जरूर घ्या, जवारीतले, म्हणजे तारेच्या त्या गुंजनातले, वरचे सूर सुटे सुटे यायला हवेत.

दुसरं रेकॉर्डिंग आईच्या आवाजाचं. दोन मिनिटं सोलकढी कशी करायची ते सांगतेय: सोलं भिजत घाल, नारळाचं जाड दूध काढ, लसूण ठेच, मिरची चवीपुरती. त्यात स आहे, श आहे, चवीतला च आहे, नारळातला ळ आहे, आणि माझ्या मते माणसाचा आवाज हीच सगळ्यात कडक परीक्षा, कारण त्यात कान फसत नाही. साधारण पाच ते आठ किलोहर्ट्झला, म्हणजे वरच्या तीक्ष्ण भागात, जास्त चढवलेला पीस असला की 'सोलं' म्हणताना स शिट्टीसारखा टोचतो. दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास कमी असलं की आई शेजारच्या खोलीतून बोलतेय असं वाटतं. खाली जास्त असलं की तिला सर्दी झालीय. गेल्या वेळी एक फार नावाजलेला पीस मी याच दोन मिनिटांवर बाजूला ठेवला.

पिशवीत काय घ्यायचं ते पटकन सांगतो. स्वतःच्या टिप्स (नोझलवर बसवायच्या मऊ टोप्या), सिलिकॉनच्या तिन्ही साइझ आणि फोमची एक जोडी, कारण दुसऱ्याच्या कानातून निघालेल्या टिप्स आपल्या कानात घालणं बरं नाही. स्पिरिटचे पुसायचे कागद. वही-पेन. तुम्ही रोज वापरता तो फोन आणि तोच छोटा डॉंगल (फोनला इन-इयर जोडायचा तुकडा), कारण घरी लाखाचा अँप्लिफायर नसेल तर दुकानातल्या लाखाच्या अँप्लिफायरवर ऐकून काय उपयोग? त्यात एक खरी तांत्रिक गोष्ट आहे, अनेक आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे बारीक भाग) असलेल्या इन-इयरचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वेगवेगळा असतो, त्यामुळे सोर्सचा, म्हणजे फोन किंवा डॉंगलचा, आउटपुट इम्पिडन्स जास्त असला तर आवाजाचा तोलच बदलतो. अंदाजे नियम असा की सोर्सचा इम्पिडन्स इन-इयरच्या एक अष्टमांशाहून कमी हवा, म्हणजे १६ ओहमच्या पीसला २ ओहमच्या आत. निघण्याआधी फोनमधलं इक्वलायझर, ॲटमॉस, 'साउंड एन्हान्स' वगैरे आवाज बदलणारं सगळं बंद करा, हे हमखास राहून जातं. चष्मा रोज लावत असाल तर लेन्स घालून जाऊ नका, चष्माच लावून जा, का ते पुढे येईल. आणि आकडे बघून भुलू नका: ६४ ऑडिओच्या यू१२टी मध्ये एका बाजूला बारा ड्रायव्हर आहेत, सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये ७ एमएमचा एकच, आणि दोन्ही वरच्या पंगतीतले.

दुकानात बसलात की पहिली वीस मिनिटं गाणी लावूच नका. ही वस्तू मुळात स्टेजवरच्या कलाकारांसाठी आली, १९९५ मध्ये जेरी हार्वे या साउंड इंजिनियरने व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी कानात बसणारे मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स कंपनी उभी राहिली, म्हणजे कानात घट्ट बसून बाहेरचा गोंगाट रोखणं हे हिचं पहिलं काम. विरुद्ध बाजूच्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, पीस हलकाच फिरवत आत घाला, वायर कानावरून मागे. डावा आणि उजवा कान एका मापाचे असतीलच असं नाही, माझ्या डाव्याला मध्यम टिप लागते आणि उजव्याला मोठी, तेव्हा लाज न बाळगता वेगवेगळ्या लावा. घालताना काहीतरी पातळ चुरगळल्यासारखा कट् असा आवाज आला तर ड्रायव्हरचा पडदा दाबामुळे वाकतोय, हळू घाला. आता ४० हर्ट्झचा टोन, म्हणजे एकच सलग खोल सूर, लावा (हाही घरून नेलेला), दोन्ही बाजूंनी सारखा, भरीव यायला हवा. एका बाजूला पातळ वाटला तर सील नाही, म्हणजे टिप कानात हवाबंद बसलेली नाही. जबडा उघडा, बोला, हसा, आवंढा गिळा, परत ऐका. सील सुटलं की पहिला बास पळतो, आणि लोक 'याला बासच नाही' म्हणून चांगला पीस नाकारतात. नोझल किती आत जातो त्याने वरचा भागही बदलतो, साधारण आठ किलोहर्ट्झच्या आसपासचा चढ आतबाहेर केल्यावर सरकतो, म्हणून टोचतोय म्हणण्याआधी एकदा दुसरी टिप लावून बघाच.

मग मोनो फाइल, म्हणजे दोन्ही कानांत तोच एक आवाज असलेली. आवाज कपाळाच्या बरोबर मध्ये यायला हवा. एका बाजूला झुकला तर डावा पीस उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घाला, उलटे बसतील पण क्षणभर चालतं. आवाज पहिल्याच कानाकडे राहिला तर दोष कानाचा किंवा सीलचा, बाजू बदलली तर पीसचा. दमट दिवसात मुंबईत एसीतला गार पीस गरम कानात घातल्यावर जाळीवर ओलावा धरतो आणि एक बाजू मंद होते, तेव्हा पाच मिनिटं थांबून परत बघा.

यानंतर आवाजाची पातळी, इथे भले भले फसतात. जो पीस थोडा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, डेसिबल-दीड डेसिबलचा फरकही मोठा म्हणून कळत नाही, जास्त जिवंत आहे असं वाटतं. त्यात फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की कमी पातळीला कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणजे व्हॉल्यूम चढवला की बास आपोआप भरतो. दुकानदाराने एक ३.५ एमएमच्या साध्या पिनवर आणि दुसरा ४.४ एमएमच्या बॅलन्स्ड पिनवर दिला तर बॅलन्स्ड बहुतेक वेळा जोरात वाजतो, दोन्ही एकाच पिनवर मागा. मी आईचं बोलणं लावतो आणि ती समोर बसून बोलतेय एवढी पातळी होईपर्यंत प्रत्येक पीसचा व्हॉल्यूम लावून आकडा वहीत लिहितो. रोज ऐकायलाही तेवढंच ठेवा, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते.

एका दिवसात तीनच पीस. चौथा ऐकला की पहिल्याची चव जाते. तीच गाणी, तोच क्रम, मध्ये दहा मिनिटं काहीही न ऐकता बाहेर जाऊन बसा, आणि जे वाटलं ते तुमच्या शब्दांत लिहा, 'चकी तुटली', 'आई लांब', 'धुम् छान', असं. मावसभाऊ सोबत असला तर मी डोळे मिटून बसतो आणि त्याला कुठलाही पीस हातात द्यायला सांगतो, हाताला ओळखू येतो पण निदान किंमत डोळ्यासमोर नाचत नाही.

शेवटी जो उरेल तो पाऊण तास कानात ठेवा, काढू नका. गाणं वाजलंच पाहिजे असं नाही. चष्मा लावा, काडी आणि वायरची कमान कानामागे एकाच जागी दाबतात का ते कळेल. दुकानात फेऱ्या मारा, पावलं डोक्यात धप्प धप्प वाजतात का बघा, कान बंद झाले की स्वतःची पावलं आणि चावणं मोठं ऐकू येतं, काही पीसमध्ये हवेची बारीक छिद्रं असतात त्यात हे कमी होतं. चहा मागवून प्या. काढल्यावर आरशात बघा, जिथे लालसर ठसा उमटलाय तिथेच दोन तासांनी दुखणार आहे. माझ्या उजव्या कानात तो ठसा त्या पहिल्या दिवशी पंधराव्या मिनिटालाच होता, बघितला नाही एवढंच.

पैसे द्यायच्या आधी परतीचं विचारा, किती दिवस, टिप्स वापरल्या तरी घेतात का, वॉरंटीचं काम भारतात होतं का, जाळ्या आणि वायर सुट्या मिळतात का, आणि हे बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा आठवा. वायर सुटी करून टोकं कोरड्या कपड्याने पुसत जा, तांब्यावर हिरवट चढायला वेळ लागत नाही. मी घट्ट झाकणाचा छोटा स्टीलचा डबा घेतलाय, आई पापड ठेवते त्यातलाच एक, तळाला सिलिका जेलच्या चार पुड्या, वर रुमाल, आणि रात्री पुसून पीस त्यात. जून ते सप्टेंबर पुड्या पंधरा दिवसांनी बदलतो.