प्रॉडक्शन डिझायनर व्हायचंय? आधी चाळीतली एक खोली उभी करा

प्रॉडक्शन डिझायनर म्हणजे सिनेमातल्या सेटचं आणि जागांचं रूप ठरवणारा. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, कला दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून आणि आर्किटेक्चरमधूनही मुलं या कामात येतात. कुठूनही आलात तरी सुरुवात असिस्टंट म्हणूनच होते, आणि तेव्हा कामाचे नमुने दाखवायच्या फाइलमध्ये सुंदर चित्रांपेक्षा पूर्ण सोडवलेला एक सेट जास्त उपयोगी पडतो. सरावाला लालबागच्या गिरणी कामगाराची खोली घ्या. साल १९८२, संपाचं. लांबी-रुंदी १२ बाय १०, उंची १० फूट.

आधी ब्रेकडाउन, म्हणजे पटकथेचा प्रसंगवार तक्ता. प्रसंगाचा क्रमांक, दिवस की रात्र, माणसं किती, कुठल्या वस्तूला हात लागतो, आणि कथेतला महिना कोणता, असे रकाने आखा. महिन्याचा रकाना नवखे हमखास गाळतात. संप १८ जानेवारीला सुरू झाला. दिवाळीपर्यंत या घरातली पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेलेली असतील, मांडणी रिकामी होत गेली असेल. शूटिंग उलटसुलट क्रमाने होतं, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि वस्तूंची यादी वेगळी ठेवा.

मग नकाशा, अर्ध्या इंचाला एक फूट या प्रमाणात. दार आत उघडतं की बाहेर, मोरी, माळा, खिडकी, सगळं दाखवा. एवढ्या खोलीत कॅमेरा आणि लाइट मावत नाहीत म्हणून खोली १६ फुटांची करण्याचा मोह होतो. करू नका, चाळीची घुसमटच निघून जाते. त्याऐवजी दोन भिंती सुट्या, कॅमेऱ्यासाठी काढता येतील अशा ठेवा, म्हणजे वाइल्ड वॉल. त्या खिळ्यांनी ठोकू नका, नटबोल्ट किंवा क्लॅम्पने जोडा. माळ्याचा भार त्यांच्यावर टाकलात तर ऐनवेळी भिंत निघतच नाही. सेटबाहेर चारही बाजूंनी निदान चार फूट मोकळी जागा हवी.

प्लायचा हिशोब असा: चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, म्हणजे चार फुटी ११ फ्लॅट (भिंतीचे प्लायचे तुकडे). शीट आठ बाय चारची, म्हणून वरच्या दोन फुटांसाठी पट्ट्या कापाव्या लागतात. एका शीटमधून चार पट्ट्या निघतात. एकूण १४ शीट, तुटीफुटीसह १६ मागवा. दार-खिडकीचं वजा करू नका, तो तुकडा माळ्याला लागतो. फरशीखाली पोकळी राहिली तर पावलांचा आवाज डबडब येतो आणि साउंडवाले शॉट थांबवतात.

सेटचा जीव एजिंगमध्ये, म्हणजे तो जुना, वापरलेला दिसेल असं करण्यात आहे, इथे वेळ द्या. पांढराशुभ्र रंग कॅमेऱ्यात भगभगतो, तेव्हा नीळ घातलेल्या चुन्याच्या छटेचं मॅट डिस्टेंपर घ्या. मळ सगळीकडे सारखा फवारला की सेट लगेच खोटा दिसतो. खरा मळ वापराच्या जागी साचतो: स्टोव्हमागे काजळी, कॉटवर टेकून बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर तेलाचा डाग, बटणांभोवती बोटांचे ठसे, मोरीच्या कडेला ओल. तसबीर काढलेल्या जागी मात्र भिंत उजळ राहते.

सामानही एका वयाचं नको. ट्रंक लग्नातली, स्टील नंतरचं, कॅलेंडर चालू सालाचं. याच खोलीत १९७० चा फ्लॅशबॅक असेल तर कालनिर्णय उतरवा, ती १९७३ पासूनची. पत्रावर पिनकोड नको, तो १५ ऑगस्ट १९७२ ला आला. खिडकीबाहेर टीव्हीचा अँटेनाही नको, कारण मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आणि ₹ हे चिन्ह तर २०१० चं, दोन्ही काळांत चालणार नाही.

रंग शूटिंगच्या दोन दिवस आधी संपवा. तो सुकला की डीओपीला, म्हणजे छायाचित्रण दिग्दर्शकाला, बोलावून एका वाइड आणि एका लांब लेन्सवर भिंती बघा. चकाकणारा कोपरा किंवा फ्लॅटचा दिसणारा सांधा दुरुस्त करायला एक दिवस हातात उरतो.